चिकटे आणि घुबडीचं लक्ष

चिकट्यांचं खरं आडनाव दुसरंच काहीतरी होतं. ते पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहत होतं. बाकी सगळे त्यांना चिकटेच म्हणत, कारण नोकरीला लागल्यापासून ते लहान मुलांच्या छातीला चकत्या चिकटवत आले होते. दोन चकत्या छातीला, एक पोटाला, प्रत्येक चकतीला एक तार, तिन्ही तारा पुढे एका पिनेला जोडलेल्या, आणि ती पिन एका खोक्याच्या भोकात. खोकं मुलाच्या काळजाचे ठोके टिपायचं. चकत्या थंड असत म्हणून चिकटे त्या आधी तळहातात धरून कोमट करत. या एका गुणावर त्यांची नोकरी टिकली आहे, असं त्यांच्या बायकोचं मत होतं.

मुलांच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर ही खोली होती. चारी बाजूंनी राखाडी पडदे, समोर एक टीव्ही, मध्ये एक खुर्ची. बघण्यासारखं काहीही नसणं हाच त्या खोलीचा मोठा गुण. खुर्चीत आई बसायची, आईच्या मांडीवर मूल, आणि टीव्हीवर कधी एखादं वर्तुळ, कधी एखादा चेहरा, कधी मान डोलावणारं बाहुलं. चिकटे आणि खोकं पडद्याआड. मूल भलतीकडे बघू लागलं की चिकटे रबरी बदक दाबून आवाज काढत. पन्नाशीला टेकायला आलेला माणूस पडद्याआड बसून बदक दाबतो आणि त्याचा त्याला पगार मिळतो, हे त्यांच्या सासऱ्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

नव्या आया विचारत, "यातून कळतं काय?"

चिकट्यांचं उत्तर तयार असे. "मांजर उंदरावर दबा धरताना बघितलंय ना? कसं गप्पगार होतं? तसं पोराचं काळीज दबा धरतं. एखाद्या गोष्टीत खरंच लक्ष लागलं की ठोके सावकाश होतात. लक्ष उडालं की पुन्हा पळायला लागतात."

"पण आत्ता त्याचे डोळे तर टीव्हीकडेच आहेत."

"डोळ्यांचं काय घेऊन बसलात! डोळे पाहुण्यासारखे असतात. निघतो निघतो म्हणतात आणि बसून राहतात. काळीज केव्हाच उठून गेलेलं असतं."

मग ते पुढचं सांगत. पाळण्यातल्या पोराचे ठोके दीडशेच्या घरात, शाळेत जायच्या वयाला नव्वद-शंभर, आणि आपल्यासारख्यांचे सत्तरच्या आसपास. म्हणजे मूल वाढतं तसं काळीज धावायचं सोडून चालायला शिकतं. आणि दबा धरायलाही शिकतं. तीन महिन्यांचं बाळ जेमतेम धरतं, सहा महिन्यांचं चांगलं खोल धरतं. आया मान डोलावत. बहुतेकींचं लक्ष पोराच्या नाकाकडे असे, पण त्यांच्या काळजाला कोणी विचारत नव्हतं. खरं म्हणजे विचारलं जात होतं. खोक्याला दोन भोकं होती. वरचं मुलाचं, खालचं आईचं. मूल बिचकलं की आईचंही काळीज उडतं का, हेही संशोधनात होतं. पण चिकट्यांच्या समोरच्या मॉनिटरवर फक्त वरच्या भोकाची रेघ दिसे. खालची आत साठत राही.

चिकट्यांना एक सवय होती. रोज सकाळी पहिलं मूल यायच्या आधी ते शर्टाची वरची बटणं सोडून स्वतःच्याच छातीला तीन चकत्या लावत, पिन वरच्या भोकात घालत आणि खोकं चालतंय ना ते बघत. मूल आलं की आपली पिन काढून तार खिशात. चकत्या बऱ्याचदा संध्याकाळी आंघोळीच्या वेळीच निघत.

त्यांच्या मुलीला घरात घुबडी म्हणत. तान्ही असताना ती रडायची कमी आणि डोळे वटारून बघत राहायची जास्त. तीही आईच्या मांडीवर बसून या खोलीत येऊन गेली होती. डोलणारं बाहुलं बघून तिच्या काळजाने असा दबा धरला होता, की डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे या संशोधनाच्या प्रमुखांनी, ती रेघ एका मोठ्या सभेत दाखवली. बिननावाची दाखवली. नाव सांगायचं काम चिकट्यांनी पुढची सहा वर्षं एकट्याने केलं.

आणि आता सहा वर्षांची झालेली ही सभा गाजवलेली मुलगी वर्गात लक्ष देत नाही, म्हणून शाळेने आईबापांना बोलावलं होतं.

"मुलगी हुशार असेलही," टीचर म्हणाल्या, "पण तिचं लक्षच नसतं. मी फळ्यावर लिहिते, ही पंख्याकडे बघते."

"चालू पंख्याकडे की बंद?" चिकट्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी कामाच्या गांभीर्याने विचारला होता.

टीचरनी त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या बायकोकडे बघितलं, आणि यापुढे बायकोशीच बोलायचं ठरवलेलं दिसलं. "परीक्षेच्या आधी पुन्हा भेटू. तोपर्यंत काही फरक पडला नाही, तर तिला याच वर्गात आणखी एक वर्ष बसवावं असं माझं मत आहे. तिच्याच भल्यासाठी."

घुबडी बाहेर बाकावर बसली होती. तिने दाराआडून सगळं ऐकलं होतं. तिघं घरी आली. जेवताना तिने विचारलं, "बाबा, ढ म्हणजे नक्की किती?"

"किती म्हणजे?"

"म्हणजे थोडी ढ असली तर त्याच वर्गात बसवतात, की पूर्ण ढ लागते?"

बायको म्हणाली, "तू ढ नाहीस. पोळी संपव." पण घुबडीने ती गोष्ट मनातून काढलेली नाही, हे दोघांनाही दिसत होतं. तिला एकच मैत्रीण होती. ती अखंड बोलायची आणि घुबडी अखंड ऐकायची. ती वरच्या वर्गात जाणार, आणि ही खाली नव्या पोरांत. "नवी पोरं रडतात," घुबडी म्हणाली. "मला त्यांच्यात बसायचं नाही."

त्या दिवसापासून चिकट्यांनी संध्याकाळचा अभ्यास हातात घेतला. पद्धत सोपी होती. ते धडा वाचत आणि मध्येमध्ये "लक्ष दे" म्हणत. लोक लिहिताना जिथे स्वल्पविराम देतात, तिथे चिकटे "लक्ष दे" देत. "मुंग्यांच्या वारुळात, लक्ष दे, अनेक खोल्या असतात, घुबडे, लक्ष दे, त्यातल्या काही खोल्यांत धान्य असतं." घुबडी छताकडे बघे. मग चिकटे छताकडे बघत. छतावर काही नसे.

बायको चष्म्यांच्या दुकानात नोकरीला होती. दांड्या वाकवणं, स्क्रू पिळणं आणि गिऱ्हाइकांचं शहाणपण ऐकणं हे तिचं काम. ती म्हणाली, "अहो, जगातल्या पोरांचं लक्ष मोजता. घरचीच पोर तेवढी राहिली."

बायको टोमणा मारून भाजी नीट करायला गेली. पण चिकट्यांनी तो टोमणा म्हणून घेतलाच नाही, सूचना म्हणून घेतला.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. "सुट्टीच्या दिवशी आणा. पण चिकटे, फक्त आपल्या माहितीपुरतं. एकट्या पोरावर आपण निकाल देत नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे ना," चिकटे म्हणाले. त्यांना खरंच माहीत होतं. पण माहीत असणं आणि पोटची पोर असणं यांचं एकमेकांशी फारसं जमत नाही.

सुट्टीच्या दिवशी चिकटे लवकर उठले, नवा शर्ट घातला आणि मुलीला घेऊन खोलीवर गेले. रोजच्या क्रमाने आधी स्वतःला चकत्या लावल्या, पिन वरच्या भोकात घातली, खोकं चालतंय ते बघितलं. मग कोमट केलेल्या चकत्या घुबडीला लावल्या. वरच्या भोकात काहीतरी होतं, म्हणून हाताने तिची पिन खालच्या भोकात घातली. कामाच्या दिवसांत मुलानंतर आईची पिन खालीच जाते, तेव्हा हाताचा काही दोष नव्हता. दोष डोक्याचा होता, आणि डोकं त्या वेळी मुलीच्या वेणीकडे बघत होतं, कारण ती वाकडी बांधली गेली होती आणि ती त्यांनीच बांधली होती.

टीव्हीवर त्यांनी मुंग्यांचा धडा लावला. पुस्तकातली चित्रं आणि मागे वाचणाऱ्या बाईचा आवाज. चिकटे पडद्याआड स्टुलावर बसले आणि पडद्याच्या फटीतून मुलीकडे बघू लागले.

घुबडीने दोन चित्रं बघितली आणि मान वर करून दिव्याकडे बघायला लागली.

चिकट्यांनी मॉनिटरकडे बघितलं. रेघ हळूहळू खाली उतरत होती. ठोके सावकाश होत होते. खाली गेलेली रेघ खालीच राहिली, आणि राहिली म्हणजे काय, ठाण मांडून राहिली. इतका स्थिर दबा त्यांनी कुठल्याही मुलात कधी बघितला नव्हता. मुलगी दिव्याकडे बघतेय आणि काळीज मुंग्यांच्या वारुळात! चिकट्यांना पडद्याआड एकट्यानेच उभं राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तरीही सवय ती सवय. दिव्याकडे फारच वेळ बघायला लागली की ते फटीतून डोकं बाहेर काढत आणि म्हणत, "घुबडे, लक्ष दे."

धडा संपल्यावर त्यांनी रेघेची कागदी पट्टी छापून घेतली, सवयीने स्वतःची पिन ओढून तार खिशात टाकली, आणि मुलीला खांद्यावर बसवून घरी आणलं.

बायकोने पट्टी हातात घेतली. "हे काय?"

"लक्ष," चिकटे म्हणाले.

बायकोने ती कपाटाच्या दारावर लावली. घुबडीने पट्टी जवळून बघितली, लांबून बघितली. "म्हणजे मी ढ नाही?"

"हे बघ, छापलंय."

दुसऱ्या दिवशी चिकटे पट्टी कपाटावरून सोडवून थेट शाळेत गेले. टीचरनी ती उलटी धरली, मग सुलटी धरली. "हे मला कळत नाही. पण तुमच्या डॉक्टरांची सही आणि चार ओळी असतील तर मुख्याध्यापकांना दाखवता येईल. भेट या आठवड्यातच आहे."

चिकटे तिथून निघाले ते हवेत तरंगतच डॉक्टरीणबाईंच्या टेबलापाशी उतरले.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावला. रेघ बघितली. मग रेघेच्या कडेचा आकडा बघितला.

"तुमची मुलगी सहा वर्षांची ना?"

"सहा पूर्ण."

"जागी होती?"

"टक्क जागी. दिव्याकडे बघत होती."

"चिकटे, ठोके सहासष्ट आहेत. सहा वर्षांच्या जाग्या मुलीचे सहासष्ट?"

चिकट्यांनी आकड्यावर बोट ठेवलं. पाळण्यात दीडशे, शाळेत नव्वद-शंभर, आपल्यासारख्यांचे सत्तरच्या आसपास. हे त्यांनी शेकडो आयांना तोंडपाठ सांगितलं होतं. त्या दिवशी ते रेघेचा उतार बघत बसले होते आणि आकड्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं.

"हे काळीज पोरीचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे चांगलं पिकलेलं काळीज आहे. सिगारेट न ओढणारं. जिना चढायचा कंटाळा करणारं."

चिकट्यांचा हात आपोआप शर्टाच्या आत गेला. आजच्या सकाळच्या तीन चकत्या जागच्या जागी होत्या. एक तर काखेलाच लागून. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण त्यांनी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती. आता तिचा अनुभव आला.

"मी स्वतःचीच..." ते म्हणाले.

"स्वतःचीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण काय दबा धरलाय हो! एवढं लक्ष लावून कशाकडे बघत होतात?"

उत्तर द्यायची गरज नव्हती. त्या खोलीत बघण्यासारखं दुसरं होतं काय?

मग डॉक्टरीणबाईंनी खालच्या भोकातली साठलेली रेघ उघडली आणि तिचीही पट्टी छापली. ही खरी घुबडीची. ठोके पंचाण्णवच्या आसपास, अगदी वयाला शोभेलसे. धडा सुरू झाला तशी रेघ खाली उतरली. मुलगी दिव्याकडे बघायला लागली तरी खालीच राहिली. आणि मग एकदम उडी. पुन्हा सावकाश खाली, पुन्हा एकदम उडी.

"इथे काय झालं?"

खोलीतल्या आवाजाचं रेघेबरोबरच होणारं ध्वनिमुद्रण त्यांनी त्या जागी लावलं. मुंग्या धान्य साठवत होत्या आणि चिकट्यांचा आवाज आला, "घुबडे, लक्ष दे."

पुढची उडी. "लक्ष दे."

त्याच्या पुढची. "अगं, लक्ष कुठाय तुझं?"

"इथेच होतं," डॉक्टरीणबाई रेघेकडे बघत म्हणाल्या. "तुम्ही येऊन उठवलंत."

चिकटे म्हणाले, "मग सही द्या. ही पट्टी तर खरी आहे."

"नाही देणार."

"का?"

"हे शेवटचं बघा. इथे तुम्ही काही बोलला नाहीत, तरी ठोके वर आहेत आणि वरच आहेत. इथे तिचं लक्ष नव्हतंच, असंही कोणी म्हणेल. किंवा मनातल्या मनात काहीतरी मोजत असेल. डोक्यात आकडेमोड चालू असली तरी ठोके वाढतात. किंवा शू लागली असेल. शंभर पोरांच्या रेघा एकत्र केल्या की त्या काहीतरी बोलतात. एकटी रेघ नुसती पुटपुटते. तिच्यावर मी कुणाला वर चढवणार नाही आणि कुणाला खाली बसवणार नाही. उद्या कुणी तुमच्या मुलीविरुद्ध अशीच पट्टी आणली तर चालेल?"

हे चालणार नव्हतं. म्हणून चिकटे दोन्ही पट्ट्या घेऊन बिनसहीचे परतले. हात दाखवून अवलक्षण करून घेणं म्हणतात, त्यात त्यांनी हात नाही, थेट काळीजच दाखवलं होतं.

भेटीच्या दिवशी तिघंही शाळेत गेली. या वेळी घुबडी आत बसली. चिकट्यांनी घडी घातलेल्या पट्ट्या खिशातच ठेवल्या.

"सही आणलीत?" टीचरनी विचारलं.

"नाही मिळाली. ती पट्टी तिची नव्हतीच. माझी होती."

बायकोने मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. हे तिला घरी सांगायचं राहून गेलं होतं.

"मग आता?" टीचर म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. वर्गात पोरं भरपूर होती आणि घसा एकच होता. त्या घुबडीकडे वळल्या. "बाळा, इकडे बघ. लक्ष दे. परवा आपण..."

घुबडी दचकून त्यांच्याकडे बघायला लागली. अगदी डोळे वटारून, टक लावून. चिकट्यांनी ते डोळे ओळखले. पाहुण्याचे होते. आत कोणी नव्हतं.

"टीचर," ते म्हणाले, "एक विनंती करू? ते 'लक्ष दे' न म्हणता विचारून बघाल? मीही घरी बंद केलंय. दोन दिवस झाले. फार जड जातं."

"आणि ती पंख्याकडे बघेल त्याचं काय?"

"बघू दे."

टीचरनी उसासा टाकला. घुबडीची मान वर गेली. पंखा बंद होता.

"परवा आपण काय शिकलो?" टीचरनी विचारलं.

चिकट्यांना वाटलं आपले ठोके खोलीत ऐकू येत असतील. मग घुबडी पंख्याशी बोलावं तशी बोलायला लागली.

"पाण्याची वाफ होते. मग वाफ वर जाते. मग तुम्ही म्हणालात, मागच्या बाकावर कोण शिंकतंय, रुमाल नाही का. मग वाफेचे ढग होतात. मग तुम्ही म्हणालात, लक्ष द्या, परीक्षेला येणार आहे. मग काहीतरी होतं."

"काय होतं?"

"ते मला माहीत नाही. 'लक्ष द्या'च्या नंतरचं मला कधी ऐकू येत नाही. मी घाबरते. मग घाबरणं संपेपर्यंत तुम्ही फळा पुसता."

चिकटे जमिनीकडे बघत होते. बायको खिडकीकडे बघत होती. टीचर खडूच्या डबीकडे बघत होत्या.

"ढगांचं काय होतं ते मी तुला उद्या पुन्हा सांगेन," टीचर शेवटी म्हणाल्या. मग मोठ्या माणसांना म्हणाल्या, "आत्ता काही लिहून देत नाही. परीक्षेचा पेपर तिचा तीच लिहील, आणि उत्तीर्ण झाली तर पुढे जाईल. सगळ्यांना तोच नियम. मला मात्र एकदम जमेल असं समजू नका. वीस वर्षांची सवय आहे."

"माझीही," चिकटे म्हणाले.

घरी येताना घुबडीने विचारलं, "मग मी ढ आहे की नाही, ते ठरलं का?"

"परीक्षेत ठरेल," आई म्हणाली.

"आणि वाफेचं?"

"ते टीचर उद्या सांगतील."

घुबडीला हे पटलं. ढगांचं काय होतं याची तिला खरोखरच उत्सुकता होती.

संध्याकाळी ती पुस्तक घेऊन बसली. वाचता वाचता मान वर गेली. समोर बसलेले चिकटे म्हणाले, "ल..." आणि थांबले.

"काय रे बाबा?"

"ल... लवकर जेवू या म्हटलं."

"मध्ये बोलू नकोस ना. मी ऐकतेय."

"कुणाचं?"

"पुस्तकाचं."

चिकटे बसून राहिले. त्या दिवशी पडद्याआड स्टुलावर बसले होते तसेच, नुसतं बघत. बायकोने खिशातून निघालेल्या दोन्ही पट्ट्या सरळ केल्या, कोणती कोणाची ते विचारून घेतलं, आणि जुनी पट्टी पुन्हा कपाटाच्या दारावर लावायला लागली.

"अगं, ती माझी आहे. चुकीची."

"माहीत आहे." तिने कोपरे नीट दाबले. "दुकानात रोज एक तरी माणूस येतो, नाकावर चष्मा लावून चष्मा शोधत. त्यांना मी काही बोलत नाही. नुसता आरसा समोर धरते."